रोज बसने अप-डाऊन करणाऱ्याला गाडीतल्या सोयींचं खरंच काही पडलेलं असतं का?

माहुलीकर

मंडळी, थेट विषयाला हात घालते. मी साताऱ्याहून पुण्याला नोकरीसाठी रोज अप-डाऊन करते. सकाळी सातारा-स्वारगेट विनावाहक विनाथांबा एसटी, संध्याकाळी तीच उलटी. आमचा अप-डाऊनवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कुठली गाडी फलाटाला लागली, तिकिटाच्या खिडकीवर रांग किती, कात्रजला कोंडी आहे का, एवढंच त्यावर चालायचं. सध्या मात्र तिथे उभे दोन तट पडलेत.

झालं असं, की एका खासगी ट्रॅव्हल्सवाल्याने आमच्याच वेळेला गाडी सुरू केली. पुशबॅक सीट, एसी, प्रत्येक सीटला चार्जिंग, पडदे, आणि चढल्याबरोबर हातात पाण्याची बाटली. ग्रुपमधली बरीच तरुण मंडळी तिकडे गेली. पुरुषांपैकी ज्यांनी एसटीचा मासिक पास काढलाय (२० दिवसांचं भाडं भरायचं, ३० दिवस फिरायचं) ते पैसे अडकले म्हणून थांबले. आम्ही बायका १७ मार्च २०२३ पासूनच्या अर्ध्या तिकिटामुळे थांबलो. आता थांबलेल्यांचं म्हणणं असं, की आपणही एसटीकडे या सोयी मागू. आगारात 'प्रवासी राजा दिन' असतो, तिथे प्रवाशांच्या तक्रारी आणि सूचना लेखी घेतात. पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलंय, कारण माझं अक्षर बरं आहे आणि मला पटकन नाही म्हणता येत नाही.

ग्रुपवरून गोळा झालेली यादी: एसी, वाय-फाय, टीव्ही, चार्जिंग, वाचायचा दिवा, पडदे, पाय टेकायला पट्टी, बाटली ठेवायला जाळी, पिण्याचं पाणी, आणि 'गाडीत चांगला वास'. एका महाभागाने 'शिवनेरी सुंदरी'ही लिहिलंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये ई-शिवनेरीत हवाई सुंदरीच्या धर्तीवर सेविका नेमायची घोषणा झाली, तेव्हापासून हा विनोद आमच्या ग्रुपवर काही मरत नाही.

यादी उतरवून काढताना माझा हात अडखळला. यातलं रोज जाणाऱ्याला नक्की काय हवंय आणि सहा महिन्यांतून एकदा पाहुणा म्हणून जाणाऱ्याला काय छान वाटतं, हे मला वेगळं करता येईना.

त्या खासगी गाडीने मीही जाऊन आलेय. खोटं कशाला बोलू, सीट झकास आहे. खंबाटकीच्या बोगद्याआधी डोळा लागला तो थेट खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर उघडला. पण ती गाडी भरल्याशिवाय हलत नाही. वाढे फाट्यावर उभी करून क्लीनर हाका मारत राहतो आणि आपण पुशबॅक सीटवर आडवं होऊन घड्याळ बघत राहायचं. "दोनच सीट, मॅडम, आलेच." ऑफिसात मस्टर साहेबांच्या टेबलावर जातं, तिथे पुशबॅकचं कारण चालत नाही. एकदा शिरवळच्या पुढे एसी बंद पडला. काचा कायमच्या बंद, उघडायची सोयच नाही. ज्यांना गाडी लागते त्यांचे जे हाल झाले ते सांगत नाही, जेवायची वेळ आहे.

आणि ती पाण्याची बाटली! सव्वादोन-अडीच तास गाडी कुठेही थांबणार नाही, आणि तुम्ही मला लिटरभर पाणी देताय. ते मी कुणाच्या भरवशावर प्यायचं? माझं वय पन्नाशीकडे झुकलंय. सकाळी अर्धा कप चहा घेऊन निघते आणि ऑफिसात पोचेपर्यंत पाण्याला तोंड लावत नाही. ग्रुपमधल्या सगळ्या बायकांचं हेच आहे, पण यादीत हे कुणी लिहिलेलं नाही. बायकांनीसुद्धा नाही.

आमच्या विनावाहक गाडीत मला सगळ्यात मोठी सोय कुठली वाटते सांगू? खिडकीवर तिकीट काढायचं, सीट असेल तरच तिकीट मिळतं, मधे कुणी चढत नाही, कुणी डोक्यावर उभं राहत नाही. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचं वय आता राहिलं नाही.

तर तुम्ही जिथे कुठे रोज बसने जाता, तिथल्या अनुभवावरून सांगा. गाडीतली एखादी सोय बघून तुम्ही गाडी बदलली आहे का? बदलली असेल तर कुठली? 'बस मिळते हेच नशीब' असं लिहू नका, ते ऐकायला घरची माणसं आहेत.

कुर्ला_पश्चिम

ताई, माझा प्रवास तुमच्यापुढे काहीच नाही. कुर्ला स्टेशनला उतरायचं आणि ३१० ने बीकेसी. तेवढ्यासाठी मला चार्जिंग नको, पडदा नको. धरायला कडी आणि पाय टेकवायला जमीन मिळाली की झालं. पण एसीच्या बाबतीत मुंबईचा अनुभव सांगण्यासारखा आहे.

बेस्टकडे पूर्वी एसी बस होत्या. भाडं साध्या बसच्या कितीतरी वर. रिकाम्या फिरायच्या, तोटा वाढत गेला, शेवटी एप्रिल २०१७ मध्ये बंदच केल्या. तेव्हा सगळे म्हणाले, मुंबईकराला एसी नकोच, त्याला लोकलची सवय आहे. मग जुलै २०१९ मध्ये भाडी उतरवली. साध्या बसचं कमीत कमी तिकीट ५ रुपये आणि एसीचं ६. एका रुपयाचा फरक! त्यानंतर तोच मुंबईकर साधी बस सोडून मागच्या एसी बससाठी थांबायला लागला. मे महिन्यात कुर्ल्याच्या रांगेत उभं राहून बघा, कळेल. मे २०२५ पासून ते १० आणि १२ झालंय. लोकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण एसीची रांग काही मोडली नाही.

म्हणून 'रोजच्या माणसाला सोयी नकोत' हे मला पटत नाही. त्याला हव्या असतात. तो फक्त रोजच्या हिशेबाने मोजतो. वर्षातून एकदा जाणारा शंभर रुपये जास्त देतो आणि विसरतो, आपण जाऊन-येऊन दुप्पट आणि महिन्याला सव्वीस पट करतो.

अजून एक. माझी सगळ्यात लाडकी सोय बसमध्ये नाहीच, ती फोनमध्ये आहे. चलो ॲपवर बस कुठे आहे ते दिसतं. सहा मिनिटं आहेत म्हटल्यावर मी बिनधास्त कटिंग मारतो. आधी तीच सहा मिनिटं मान वाकडी करून रस्त्याकडे बघण्यात जायची. तुमच्या पत्रात हे टाका.

कानाला_खडा

यादीत एक राहिलं: शांतता. टीव्ही मागणाऱ्याला माझ्या शेजारी बसवा. माझ्या गाडीत प्रत्येक सीटवर एक टीव्ही आहे, आवाजासकट, आणि प्रत्येकावर वेगळं रील. बेस्टने एप्रिल २०२३ मध्ये हेडफोनशिवाय फोन वाजवायला बंदी घातली होती. तसली पाटी साताऱ्याच्या गाडीत लावून घ्या. खर्च एका स्टिकरचा.

फलटणची_हॉस्टेलवाली

मी रोजची नाही, शनिवार-सोमवारवाली आहे, तरी लिहिते. चार्जिंगला सगळे 'चैन' म्हणताय म्हणून.

माझी संध्याकाळची गाडी फलटणला अंधार पडल्यावर पोचते. बाबा स्टँडवर घ्यायला येतात. गाडी कधी वेळेत, कधी तासभर उशिरा. कॉलेजात दिवसभर फोन वापरून बॅटरी लाल झालेली असते. फोन बंद पडला की घरी आई दर पाच मिनिटांनी फोन लावते आणि "स्विच ऑफ" ऐकून बाबांना ओरडते. एकदा असं झालं तर पुढच्या आठवड्यात "येऊच नको, राहा तिकडेच" सुरू होतं. तुम्हाला चार्जिंग रील बघायला लागत असेल, मला घरी जायची परवानगी टिकवायला लागतं.

बाकी एसी वगैरे मला काही नाही. आणि हो, पाण्याचं माझंही तसंच आहे. मला वाटायचं मी एकटीच असं करते.

दापोडीचा_जुना

ताई, नोकरी एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत झाली, आता घरी असतो. तुमची यादी वाचली. त्यात वरवरच्या गोष्टी आहेत, गाडी खालून आरामदायी होते हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

साध्या गाडीला खाली पाटे असतात. लोखंडी पट्ट्या एकावर एक रचून केलेली स्प्रिंग. ओझं भरपूर घेतात, खड्डा मात्र जसाच्या तसा वर पाठवतात. शिवनेरीच्या व्होल्वोला पाट्यांऐवजी हवेचे फुगे असतात, इंजिन मागे असतं. म्हणून ती मऊ चालते आणि पुढच्या माणसाला इंजिनाची घरघर ऐकू येत नाही. लोकांना वाटतं एसीमुळे बरं वाटलं. अहो, अर्धं बरं वाटणं त्या फुग्यांचं असतं. खासगी गाडीत तुम्हाला झोप लागली तीसुद्धा पुशबॅकमुळे किती आणि खालच्या फुग्यांमुळे किती, ते वाकून बघितल्याशिवाय सांगता यायचं नाही.

एसीचं सांगतो. मोठ्या गाडीचा एसी म्हणजे घरचा एसी नव्हे. तो फिरवायला इंजिनाची ताकद जाते, डिझेल जास्त लागतं, आणि काचा बंद कराव्या लागतात. म्हणजे एसी गेला की गाडीत हवा जायला वाटच नाही. तुमचं शिरवळला झालं ते त्यामुळेच. साध्या गाडीत काही बिघडलं तरी काच सरकवता येते. एसी मागायचा तर त्याची देखभाल करणारा माणूस आगारात आहे का, हे आधी विचारा.

चार्जिंगचं त्या मुलीने लिहिलंय ते खरं आहे. सॉकेट स्वस्त असतं, बसवायला सोपं असतं. पण गाडी दिवसभर हादरते, वायरी ढिल्या होतात. काही जण पिन ओढून काढतात, काही जण त्यात शेंगदाण्याची टरफलं कोंबतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय. रात्री गाडी आगारात आली की कुणीतरी सीटमागून सीट तपासायला हवं. सॉकेट एकदा बसतं, तपासणी रोज लागते. वाय-फायचंही तेच. मागे गाड्यांत एक डबा बसवला होता. त्यावर सिनेमे आणि गाणी दिसायची, इंटरनेट नव्हतंच. लोकांच्या फोनमध्ये डेटा स्वस्त झाला आणि त्या डब्याकडे कुणी बघेना.

तुम्ही कुणी पायरीचं लिहिलं नाही. नवल वाटलं. आमच्या गाड्यांची चासी उंच, त्यावर तळ, म्हणून पहिली पायरीच गुडघ्याला येते. शहरातल्या लो-फ्लोअर बसचा तळ रस्त्यापासून ४०० मिलिमीटरवर असतो, सेमी लो-फ्लोअरचा ६५० वर. आपल्या साध्या गाडीचा त्याच्याही बराच वर. घाटात, खेड्यातल्या रस्त्यावर उंच चासी लागते, त्याला इलाज नाही. पण खाली एक जादा पायरी आणि आतल्या बाजूला लांब दांडा जोडता येतो. ७५ वर्षांपुढच्यांना २०२२ पासून प्रवास फुकट केला, म्हातारी माणसं हौसेने येतात आणि दारातच अडकतात. मागचा माणूस "चला आजी" म्हणून ढकलतो.

आणि एक कानमंत्र. आगार व्यवस्थापकाच्या हातात काय आहे ते मागा. एसी गाडी त्याला विकत घेता येत नाही, ते मुंबईहून ठरतं. त्याच्या हातात आहे: खिडकीच्या काचेला नवं रबर, म्हणजे ती खडखड थांबते (अर्धी डोकेदुखी तिचीच असते). फाटलेलं रेक्झिन. चेपलेला फोम. आतले बंद पडलेले दिवे. सुटण्याची वेळ. एवढं लिहिलंत तर तो वाचेल तरी. एसी, वाय-फाय, टीव्ही लिहिलंत तर "वरिष्ठांकडे पाठवतो" म्हणून शिक्का मारेल, आणि त्याचंही काही चुकणार नाही.

ईस्ट_ब्रन्सविक_मुक्काम

इकडे न्यू जर्सीहून लिहितोय, मूळ कराडचा, त्यामुळे 'स्वारगेट विनाथांबा' वाचून थांबलो.

मी रोज बसने मॅनहॅटनला जातो. गाडीचं वर्णन तुमच्या खासगी ट्रॅव्हल्ससारखंच: उंच गाडी, मागे रेलणारी सीट, डोक्यावर दिवा. पण इथले लोक बसला चिकटून आहेत ते सीटसाठी नाही. लिंकन टनेलच्या आधी सकाळी एक लेन फक्त बससाठी राखलेली असते. समोरून येणाऱ्या वाहतुकीची एक लेन काढून ती उलट्या दिशेने बसला देतात. सुमारे चार किलोमीटर. १९७० पासून चालू आहे. शेजारी मोटारी एकमेकींच्या मागे तुंबलेल्या आणि आमची गाडी त्यांच्या बाजूने सरळ निघून जाते. तो क्षण मला अजून आवडतो, कबूल करतो. दुसऱ्याची कोंडी बघण्यातही सुख असतं.

२०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रान्झिटसेंटर या संस्थेने अमेरिकेतल्या प्रवाशांना हाच तुमचा प्रश्न विचारला होता. किती वारंवार मिळते आणि किती वेळ लागतो, हे सगळ्यात वर आलं. वाय-फाय आणि चार्जिंग तळाला. अर्थात त्यांनी विचारलं ते बहुतेक शहरातल्या शहरात फिरणाऱ्यांना. अडीच तास बसणाऱ्याचं उत्तर तसंच येईल याची खात्री मी देणार नाही. माझ्या तासाभराच्या प्रवासातही कंबर बोलते.

तुम्ही मागायचंच तर कात्रजच्या कोंडीतून बसला वेगळी वाट मागा. मिळणार नाही, पण लिहून ठेवा.

माहुलीकर

सगळ्यांचे आभार. कात्रजचं आगार व्यवस्थापकाला लिहून उपयोग नाही, ते पुण्याच्या महापालिकेला लिहायला हवं. तरी तुमच्या त्या लेनचं वाक्य ग्रुपवर टाकलं, आमचे लोक दिवसभर हळहळत होते.

कुर्ल्याच्या दादांचं ५ आणि ६ रुपयांचं वाचून मी थोडी नरमले. एसी नकोच असं माझंही म्हणणं नाही. अर्ध्या तिकिटात एसी मिळाला तर मी कशाला नाही म्हणेन? पण मला 'एसी किंवा वेळेवर' असं निवडायला लावलं तर मी वेळेवर घेईन आणि खिडकी उघडेन. आमच्याकडे हवा बरी आहे, मुंबईसारखी चिकट नाही.

फलटणच्या मुली, तुझं चार्जिंग यादीत सगळ्यात वर गेलं. प्रत्येक सीटला नाही, काकांचं ऐकून. पुढच्या दोन रांगांना आणि मागे एका ठिकाणी, म्हणजे तपासायला सोपं. आणि पाण्याचं तू लिहिलंस म्हणून मीही धीर केला. ग्रुपवर सरळ विचारलं, "वाटेत पाच मिनिटं थांबा हवा का?" पुरुषांनी लगेच नको म्हटलं, विनाथांबा म्हणजे विनाथांबा, उशीर होईल. दहा मिनिटं शांतता. मग एका पाठोपाठ बायकांचे अंगठे यायला लागले. त्यात आमच्याच गाडीतले दोन मधुमेहाचे काकाही निघाले. त्यांनी सगळ्यांसमोर नाही, मला वेगळा मेसेज केला. आता मी असं लिहिणार आहे: सगळ्या गाड्यांना नको, सकाळच्या एका आणि संध्याकाळच्या एका फेरीला शिरवळच्या आसपास ठरलेला पाच मिनिटांचा थांबा, जिथे स्वच्छतागृह धड आहे अशा जागी, आणि तसं फलाटावर आधी लिहिलेलं. ज्याला घाई आहे त्याने दुसरी गाडी धरावी.

पायरी आणि दांडा: लिहिला. माझ्या सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "हे कुणी शहाण्या माणसाने सांगितलेलं दिसतंय." काचेचं रबर: लिहिलं. रील बंदीचं स्टिकर: लिहिलं, पण ते पाळेल कोण देव जाणे. टीव्ही, वाय-फाय आणि सुंदरी खोडली. ज्याने सुंदरी लिहिली होती तो रागावून ग्रुप सोडून गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी "गाडी लागली का?" विचारायला परत आला.

पडद्यांवर मात्र अडलंय. बायकांना हवेत, ऊन फार लागतं म्हणतात. काकांच्या हिशेबाने पडदे धुणार कोण, हा प्रश्न मला आता आपोआप पडायला लागलाय. आणि काका, एक खासगीत विचारते, म्हणजे सगळ्यांसमोरच: साध्या गाडीत सगळ्यात कमी धक्के बसणारी सीट कुठली?

दापोडीचा_जुना

पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली. चौथी-पाचवी रांग धरा. मागच्या चाकाच्या वरची नको, आणि शेवटची तर मुळीच नको. ती चाकाच्या पलीकडे बाहेर लोंबते, तिथला माणूस सुपातल्या दाण्यासारखा उडतो.

पडदे लिहू नका. साताऱ्याहून पुण्याला जाताना तुम्ही उत्तरेला जाता, सकाळचं ऊन उजवीकडून येतं. संध्याकाळी दक्षिणेला येताना पश्चिम उजव्या हाताला, म्हणजे ऊन परत उजवीकडूनच. दोन्ही वेळेला दरवाजाच्या बाजूला, डावीकडे बसा. हे ग्रुपवर मात्र टाकू नका, नाहीतर उद्यापासून डावीकडे जागा मिळायची नाही.